मनिलातला फुटलेला पेपर आणि फिलाडेल्फियाचा शिक्का

जून २००६. फिलिपाइन्समध्ये परिचारिकांची शासकीय नोंदणी परीक्षा झाली. सुमारे ४२ हजार परीक्षार्थी बसले होते. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला की, पाच भागांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या भागाचे प्रश्न काही खासगी शिकवणी वर्गांत आधीच पोहोचले होते. पेपरफुटी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चौकशी, कोर्टकचेरी, फेरपरीक्षेची मागणी, प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांचा आक्रोश, हे सारे तिथेही यथासांग पार पडले.

वेगळे घडले ते पुढे. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील एका संस्थेने जाहीर केले की, या तुकडीतील उत्तीर्णांनी ते दोन भाग पुन्हा दिल्याखेरीज त्यांना अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळणार नाही. स्वतःच्या देशाने ज्यांना परिचारिका मानले होते, त्यांना परिचारिका मानायला पॅसिफिकपलीकडची एक बिगरसरकारी संस्था तयार नव्हती.

हा अधिकार तिला कुठून मिळाला? आजचा धागा या प्रश्नाचा.

आधी एक खुलासा. परदेशात परिचारिका म्हणून काम करायचे तर दोन दारे ओलांडावी लागतात. एक, देशात शिरण्याचे; म्हणजे व्हिसा. दुसरे, रुग्णशय्येजवळ उभे राहण्याचे. म्हणजे व्यवसायाचा परवाना. अमेरिकेत पहिल्या दाराची किल्ली केंद्र सरकारकडे असते आणि दुसऱ्याची प्रत्येक राज्याच्या परिचर्या मंडळाकडे. ही दोन दारे एकाच वेळी उघडतील याची हमी कोणी दिलेली नव्हती. या इतिहासातली बहुतेक दुःखे त्या मधल्या ओसरीवरची आहेत.

१८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि फिलिपाइन्स अमेरिकेच्या ताब्यात आले. नव्या राज्यकर्त्यांनी शाळा काढल्या, इंग्रजी आणली आणि रुग्णालये उभारली. १९०६ मध्ये इलोइलो येथील मिशन रुग्णालयात परिचर्येचे विद्यालय सुरू झाले; पुढच्याच वर्षी मनिलात सरकारी विद्यालय निघाले. घरंदाज मुलींनी परक्या पुरुषांची सेवा करावी, ही कल्पना तिथल्या कुटुंबांना सहजी रुचली नाही. आपल्याकडेही या पेशाच्या वाट्याला काही वेगळे आले नव्हते. तरीही मुली आल्या, शिकल्या. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम अमेरिकी धर्तीचा, गणवेश आणि टोपीसुद्धा तशीच. १९१९ च्या कायद्याने नोंदणीची चौकट घातली, १९२० मध्ये पहिली नोंदणी परीक्षा झाली आणि १९२२ मध्ये अनास्तासिया हिरोन-टुपास यांच्या पुढाकाराने परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

म्हणजे अमेरिकी रुग्णालयात काम करू शकेल अशी परिचारिका मनिलात घडू लागली होती. मात्र तिने अमेरिकेत यावे असा कोणाचाच हेतू नव्हता. उलट १९३४ च्या कायद्याने फिलिपाइन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन देताना तिथून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला अवघ्या ५० माणसांवर आणून ठेवली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४६ मध्ये, ती १०० झाली. सर्व पेशे धरून शंभर!

दार किलकिले झाले ते शीतयुद्धामुळे. १९४८ च्या कायद्यानुसार अमेरिकेने ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ योजना सुरू केली. मित्रदेशांतील तरुणांनी यावे, दोन वर्षे शिकावे, अमेरिकेची थोरवी पाहावी आणि घरी जाऊन सांगावी, हा तिचा उद्देश. परिचारिकांसाठीच ती आखली होती असे मुळीच नाही. परंतु युद्धोत्तर अमेरिकेत रुग्णालये वाढत होती, माणसे पुरत नव्हती, आणि अमेरिकी पद्धतीने शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या परिचारिका एका देशात तयार होत्या. १९५६ ते १९६९ या काळात ११ हजारांहून अधिक फिलिपिनो परिचारिका या योजनेतून अमेरिकेला गेल्या. मनिलातील प्रवासी कंपन्यांनी ‘आता जा, पैसे मागाहून द्या’ अशा योजना काढल्या. मुली कर्ज डोक्यावर घेऊन निघाल्या.

कागदावर त्या विद्यार्थिनी होत्या, म्हणून त्यांना पगाराऐवजी विद्यावेतन मिळे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्या पूर्ण वेळच्या परिचारिकेचे काम करीत. रात्रपाळ्या आणि सणासुदीच्या पाळ्या त्यांच्याच वाट्याला येत. काही ठिकाणी उलटे होई. प्रशिक्षित परिचारिकेला साहाय्यिकेचे, झाडपुशीचे काम दिले जाई. शिक्षण मान्य, पण हुद्दा अमान्य. तक्रार करावी तर कोणाकडे? यजमान रुग्णालय हेच पालक, हेच मालक आणि हेच गुरुकुल! तरीही या मुलींना केवळ बळी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्यांदाच स्वतः कमावलेला पैसा, घरी पाठवलेली मनीऑर्डर, मैत्रिणींसोबत पाहिलेले न्यूयॉर्क, हेही त्या अनुभवाचा भाग होते. दोन वर्षांनी अनेकजणी नाइलाजाने परतल्या. परतताच पुन्हा निघण्याच्या तयारीला लागणाऱ्याही पुष्कळ होत्या.

१९६५ मध्ये अमेरिकेने देशवार वंशाधारित कोटा मोडीत काढला आणि व्यावसायिकांना प्राधान्य देणारा नवा स्थलांतर कायदा केला. परिचारिका त्यात बसत होत्या. १९६७ पर्यंत, युरोप आणि कॅनडाला मागे टाकून, अमेरिकेला सर्वाधिक परिचारिका पुरवणारा देश फिलिपाइन्स झाला. मनिलात याचे पडसाद उमटणारच होते. १९५० मध्ये तिथे परिचर्येची १७ विद्यालये होती; १९७० मध्ये १४० झाली. निर्यातीसाठी माणसे घडवणारा उद्योगच उभा राहिला.

पहिले दार आता सताड उघडले होते. दुसरे मात्र बंदच होते.

राज्याचा परवाना मिळवण्यासाठी लेखी परीक्षा असे. औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार असे तिचे पाच विषय होते. परदेशातून आलेल्या परिचारिकांपैकी बहुसंख्य पहिल्या प्रयत्नात नापास होत. मानसोपचाराचा विषय विशेष घात करी. कारण उघड आहे. शिरेत सुई कशी टोचावी हे मनिलात आणि शिकागोत सारखेच. पण खिन्न रुग्णाशी काय बोलावे, कधी गप्प बसावे, याचे ‘बरोबर’ उत्तर समाजागणिक बदलते. इंग्रजी येणे वेगळे आणि अमेरिकी माणसाच्या मनाची वळणे ओळखणे वेगळे.

नापास झालेल्या परिचारिकेपुढे दोनच मार्ग उरत. स्थायिक व्हिसावर आलेली असेल तर साहाय्यिका म्हणून निम्नस्तरावर राबायचे. आणि १९७० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेली असेल, तर हद्दपारीच्या भीतीत दिवस काढायचे. कॅलिफोर्नियात फिलिपिनो परिचारिकांनी संघटना बांधल्या. ही परीक्षा रुग्णसेवेचे कौशल्य मोजत नाही, संस्कृती मोजते, असा त्यांचा आक्षेप होता.

वातावरणही गढूळ होते. १९७५ मध्ये मिशिगन राज्यातील ॲन आर्बरच्या एका रुग्णालयात अनेक रुग्णांचा श्वास अकस्मात बंद पडला, काही दगावले. संशयाची सुई दोन फिलिपिनो परिचारिकांवर आली. १९७७ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले, त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल रद्द करून नव्या खटल्याचा आदेश दिला आणि १९७८ च्या आरंभी सरकारने आरोपच मागे घेतले. पण मधल्या दोन-अडीच वर्षांत कितीजणींकडे सहकाऱ्यांनी तिरक्या नजरेने पाहिले असेल, त्याची नोंद कोण ठेवणार?

याच १९७७ साली फिलाडेल्फियात ती संस्था जन्मली. ‘कमिशन ऑन ग्रॅज्युएट्स ऑफ फॉरेन नर्सिंग स्कूल्स’, संक्षेपाने सीजीएफएनएस. अमेरिकेतील परिचारिकांच्या दोन प्रमुख संघटनांनी तिला उभे केले. कल्पना साधी होती. अमेरिकेत येऊन नापास होण्यापेक्षा, निघण्याआधीच मायदेशी एक चाळणी परीक्षा द्यावी. परिचर्येचे ज्ञान आणि इंग्रजी, दोन्ही तपासावीत. पहिली परीक्षा १९७८ मध्ये झाली, आणि थोड्याच काळात व्हिसासाठीही तिचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले.

या परीक्षेकडे कसे पाहावे? अनेक फिलिपिनो कार्यकर्त्यांना ती आणखी एक अडसर वाटली, आणि त्यात तथ्य होते. परीक्षा एकीच्या दोन झाल्या. माझे मत थोडे निराळे आहे. कर्ज काढून, समुद्र ओलांडून, तिथे साहाय्यिका म्हणून अडकण्यापेक्षा मनिलात नापास होणे कमी क्रूर होते. दोष चाळणीचा नव्हता. त्याआधीची तीस वर्षे अमेरिकी रुग्णालयांनी चाळणीविना माणसे उचलली आणि परवाना नाही म्हणून कमी पैशांत राबवली, दोष तिथे होता.

पुढचे टप्पे भरभर सांगतो. १९८२ मध्ये पाच विषयांच्या जागी एकत्रित ‘एनक्लेक्स’ परीक्षा आली. १९८९ च्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरील हजारो परिचारिकांना कायम वास्तव्याची वाट मिळाली. १९९४ पासून एनक्लेक्स संगणकावर गेली. मागच्या उत्तरांवरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरू लागली.

आणि १९९६. त्या वर्षीच्या स्थलांतर कायद्यात एक कलम आले. परदेशी आरोग्यसेवकाला प्रवेश देण्यापूर्वी त्याचे शिक्षण, त्याचा मायदेशातील परवाना आणि त्याचे इंग्रजी यांची तपासणी झाली पाहिजे. शिक्षण आणि परवाना अमेरिकी कामगाराकडून अपेक्षित असलेल्याशी तुल्य हवेत. ही तपासणी करणारी संस्था म्हणून सीजीएफएनएसचे नाव खुद्द कायद्यातच घातले गेले. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. परिचारिकांच्या संघटनांनी काढलेली एक परीक्षा-संस्था, वीस वर्षांच्या आत, दुसऱ्या सार्वभौम देशाच्या परवान्याचे मोल ठरवणारी झाली. २००७ मध्ये तिचे म्हणणे इतकेच होते की, फुटलेल्या पेपरवर मिळालेला परवाना ‘तुल्य’ धरता येत नाही.

तोवर फिलिपाइन्समध्ये या वाटेची ओढ इतकी वाढली होती की, डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन परिचर्या शिकत होते. २००४ मध्ये वैद्यकीय परवाना परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या तरुणाने आपण परिचारक म्हणून अमेरिकेला जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा मनिलाची वृत्तपत्रे हळहळली होती. अशा देशात फिलाडेल्फियाच्या त्या पत्रकाने काय हलकल्लोळ माजला असेल, याची कल्पना करावी. काहीजणांच्या हाती नोकरीचे करार होते. ज्यांनी फुटलेला एकही प्रश्न पाहिला नव्हता, त्यांच्या परवान्यावरही तीच तारीख होती.

सरकारने त्या दोन भागांची ऐच्छिक फेरपरीक्षा घेतली. आधीच उत्तीर्ण, आधीच शपथ घेतलेल्या परिचारिका पुन्हा पेन्सिली घेऊन बाकांवर बसल्या. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, मनिलात प्रथमच एनक्लेक्सचे केंद्र उघडले. त्याआधी या परीक्षेसाठी इथल्या मुलींना हाँगकाँग, ग्वाम किंवा सायपानचे विमान पकडावे लागे.

आता ही परीक्षा मुंबईतही देता येते. ती उत्तीर्ण झाली, प्रमाणपत्र हाती आले, की फाइल स्थायिक व्हिसाच्या रांगेत लागते. परिचारिकांचा तुटवडा अमेरिकेच्या श्रम खात्याने आधीच मान्य केलेला असल्याने, स्थानिक उमेदवार मिळत नाही हे रुग्णालयाला वेगळे सिद्ध करावे लागत नाही. रांग मात्र कोट्याची असते, आणि तिथे दर महिन्याला एक तारीख जाहीर होते: अमुक दिवसाआधी अर्ज केलेल्यांनी पुढे यावे. मनिलात आणि मुंबईत परिचारिका ती तारीख पाहतात आणि रात्रपाळीला निघतात.