एनिग्मा उलगडणाऱ्या यंत्राची कुळकथा

बिनतारी संदेश हवेत सोडला की तो शत्रूच्याही कानी पडतो. म्हणून जर्मन सैन्य आपला मजकूर एनिग्मा यंत्रातून काढून, निरर्थक अक्षरांच्या रूपात मोर्समध्ये पाठवी. यंत्रातल्या चक्रांचा क्रम, त्यांची स्थिती आणि समोरच्या फळीवरच्या तारांच्या जोड्या मिळून शक्य मांडण्यांची संख्या १५९ वर १८ शून्ये इतकी होई. युद्धकाळात ही मांडणी रोज बदले. कालची उकल आज निरुपयोगी ठरे.

या कुलुपाला पहिली किल्ली लावली ती पोलंडने. १९३२ च्या अखेरीस मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने, फ्रेंच हेरखात्याकडून आलेल्या कागदपत्रांच्या मदतीने, चक्रांच्या आतली तारांची जोडणी समीकरणे मांडून शोधली. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्यांचे सहकारी. संदेशाची तीन अक्षरी किल्ली जर्मन दोनदा लिहीत. त्या पुनरुक्तीचा फायदा घेऊन १९३८ मध्ये ‘बॉम्बा’ यंत्र तयार झाले. चक्रे तीन, म्हणून त्यांचे क्रम सहा, आणि म्हणून यंत्रेही सहाच. त्याच डिसेंबरात जर्मनांनी आणखी दोन चक्रे आणली; पाचांतून तीन निवडायची, म्हणून क्रम सहाचे साठ झाले. एवढी यंत्रे बांधणे पोलंडच्या आवाक्याबाहेरचे होते. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळच्या पिरी येथे त्यांनी आपली सारी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती सोपवली. सप्टेंबरात युद्ध पेटले.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्रात पुनरुक्तीवर विसंबायचे नाकारले. ती पद्धत जर्मन कधीही सोडून देतील, हे उघड होते. मे १९४० मध्ये तसेच झाले. ट्युरिंग यांचा आधार होता अंदाजी मजकूर : हवामानाचे ठरावीक शब्द, अधिकाऱ्यांची बिरुदे. एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. त्यामुळे अंदाजी मजकूर संदेशाखाली सरकवताना कुठेही तेच अक्षर समोरासमोर आले, की ती जागा बाद. उरलेल्या जागांसाठी यंत्र एकेक मांडणी तपासे आणि विसंगत मांडण्या गाळत जाई. पहिले ‘बॉम्ब’ यंत्र मार्च १९४० मध्ये आले. त्यांचे सहकारी गॉर्डन वेल्चमन यांनी सुचवलेल्या कर्णफळीमुळे (डायगोनल बोर्ड) ऑगस्टपासून यंत्राचे चुकीच्या मांडणीवर थांबणे फार कमी झाले. लेचवर्थच्या कारखान्यात हॅरॉल्ड कीन यांनी ही यंत्रे घडवली. ती चालवली मुख्यतः नौदलाच्या महिला दलाने.

पण यंत्राला खाद्य लागे ते माणसाने ऐकलेल्या अक्षरांचे. खरखरीत, विरत जाणाऱ्या लहरीवर हेडफोन लावून बसलेल्या ऑपरेटरने अंदाजी मजकुराच्या जागेतले एक अक्षर चुकीचे टिपले, तरी यंत्र योग्य मांडणी ओलांडून पुढे जाई. आणि अचूक ऐकूनही कधी भागत नसे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी चौथे चक्र बसवले आणि त्यांचे संदेश सुमारे दहा महिने उलगडता आले नाहीत. ऑक्टोबरात यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना ब्रिटिश नौदलाच्या टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर यांनी आत शिरून संकेतपुस्तके बाहेर दिली. ते दोघे परतले नाहीत. त्या पुस्तकांमुळे डिसेंबरात वाट पुन्हा उघडली.

निव्वळ आकडेमोडीने एनिग्मा फुटले नसते. या यंत्राचा वंश सांगताना ट्युरिंग यांच्या आधी तीन पोलिश गणितज्ञांची नावे घ्यायला हवीत, आणि त्यांच्या शेजारी अचूक ऐकणाऱ्या ऑपरेटरांना आणि बुडत्या पाणबुडीत उतरलेल्या खलाशांना जागा द्यायला हवी.