ऊर्जानगर

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, दुर्गापूरला लागून असलेली वीज कामगारांची वसाहत. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रासाठी ती वसली. केंद्राचे पहिले संच १९८० च्या दशकात सुरू झाले; आजची क्षमता २,९२० मेगावॉट. पाणी इरई धरणाचे, कोळसा बराचसा परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणींचा, राख मात्र सर्वांच्या वाट्याची.

छावणीतला दिवस बिगुलावर चालतो, तसा येथला पाळ्यांवर. पाळी सुटली की सकाळी तर्री-पोहे आणि चहा, संध्याकाळी पानठेला. वसाहतीची खरी बैठक तीच. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खर्रा घोटत बसतो. तेवढ्या वेळात बदल्या, बोनस आणि वाघ असे तिन्ही विषय उरकतात. सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी आहे, घोटणे थांबलेले नाही.

दारूचेही तसेच झाले. महिलांच्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बार बंद झाले. दारू बंद झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, ती महागली आणि आडोशाला गेली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून कायम आहे.

ताडोबाचे जंगल जवळ असल्याने केंद्राच्या झुडपी आवारात वाघ-बिबट्यांचा वावर असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामावरून परतणारा एक कामगार येथे वाघाच्या हल्ल्यात मरण पावला.