कुठले किलो उतरवायचे?

१९९४ साली ऑडीने ए८ बाजारात आणली. तिच्या नुसत्या सांगाड्याचे वजन होते २४९ किलो, म्हणजे त्याच आकाराच्या पोलादी सांगाड्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी. त्यामागे दशकभराची तयारी होती. १९८५ साली हॅनोवरच्या प्रदर्शनात ॲल्युमिनियमचा सांगाडा लावलेली ऑडी १०० मांडली गेली होती, अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीशी भागीदारी होती, आणि १९९३ साली फ्रँकफर्टमध्ये आरशासारखी चकचकीत, रंग न दिलेली नमुना गाडी लोकांनी डोळे भरून पाहिली होती. आलिशान आणि वेगवान सेडानच्या इतिहासात वजन उतरवण्याचा एवढा मोठा आणि एवढा गाजावाजा झालेला प्रयत्न आधी झाला नव्हता. तरीही आठ सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, चामड्याच्या खुर्च्या आणि सगळा सरंजाम बसल्यावर गाडी पावणेदोन टनांच्या घरात गेली. मुख्य म्हणजे, ऑडीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे लटकलेलेच राहिले. वळणात जोराने घातली की गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला सरकू पाहायचे. सांगाडा हलका झाल्याने ही खोड गेली नाही. माझे म्हणणे या उदाहरणापासून सुरू होते. आलिशान सेडानमध्ये सरसकट उतरवलेले वजन ऐषारामाच्या पोटात गडप होते, आणि नेमक्या जागचे उतरवलेले वजन तेवढे हॅंडलिंगच्या पदरात पडते. किती किलो उतरवले हा आकडा जाहिरातीचा. ते कुठून उतरवले, हा इंजिनिअरचा.

यामागचे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला झटकन गिरकी घेता येत नाही. तेवढेच पाणी छातीशी धरले तर घेता येते, कारण वळण्याला होणारा विरोध वस्तुमानावर आणि ते मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतो. म्हणून बंपरजवळचे दहा किलो आणि ड्रायव्हरच्या खुर्चीखालचे दहा किलो हे तराजूवर सारखे असले तरी वळणात सारखे नसतात. दुसरी गोष्ट उंचीची. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि गुरुत्वमध्य जितका उंच तितका जास्त जातो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे या देवघेवीत चार चाकांची मिळून पकड घटते. तिसरी गोष्ट स्प्रिंगांच्या खाली असलेल्या वजनाची, म्हणजे चाके, ब्रेक आणि हब यांची. रस्त्याचा प्रत्येक खड्डा हे वजन वर उडवतो आणि ते पुन्हा रस्त्यावर टेकवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरच्या माथी येते. ते जड असेल तर टायर रस्त्यावर टिकत नाही, आणि टिकवायचा म्हटला तर सस्पेन्शन इतके कडक करावे लागते की मागे बसलेल्या साहेबांची झोपमोड होते. आलिशान गाडीत या तिसऱ्या वजनाला म्हणूनच दुहेरी किंमत आहे: ते कमी केले की हॅंडलिंगही सुधारते आणि आरामही.

हे शहाणपण कार्बन फायबरच्या युगात सुचले असे समजण्याचे कारण नाही. १९५० सालच्या लान्सिया ऑरेलिया सेडानमध्ये व्हितोरिओ यानो यांच्या देखरेखीखाली जी मांडणी झाली, ती आजही पाहण्यासारखी आहे. पुढे ॲल्युमिनियमचे व्ही-सहा इंजिन (मालिका उत्पादनातले हे पहिलेच), आणि गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल हे सारे एकत्र करून मागे. मागचे ब्रेकसुद्धा चाकात न ठेवता आत, डिफरन्शियलच्या शेजारी. इथे सगळेच काही कमी केलेले नाही. बरेचसे फक्त हलवले आहे. पाच वर्षांनी आलेल्या सित्रोएन डीएसचे छप्पर फायबरग्लासचे होते, बॉनेट ॲल्युमिनियमचे, आणि पुढचे डिस्क ब्रेक चाकांपासून दूर, गिअरबॉक्सला लागून. ती गाडी शर्यतीसाठी बनवलेली नव्हती, पण वजन सर्वांत वरून, टोकावरून आणि चाकातून काढायचे या तिन्ही गोष्टी तिने एकाच अंगात दाखवल्या. जॅग्वारने १९६१ साली मार्क टेन आणि ई-टाइपला दिलेले मागचे स्वतंत्र सस्पेन्शन याच वंशातले. त्यातही डिस्क आतल्या बाजूला होत्या, आणि १९६८च्या एक्सजे६ची जी मऊ तरीही शिस्तीची चाल नावाजली गेली तिच्यात या मांडणीचा मोठा वाटा होता. या युक्तीची किंमतही होती. आत बसवलेले ब्रेक तापतात, डिफरन्शियललाही तापवतात, आणि पॅड बदलायला मेकॅनिकला गाडीखाली घुसून कसरत करावी लागते. १९८६च्या एक्सजेमध्ये जॅग्वारने डिस्क परत चाकांशी नेल्या. तिथे वर्कशॉपचा व्यवहार हॅंडलिंगवर मात करून गेला, आणि त्यात मला तरी काही गैर वाटत नाही.

ताकद भरपूर असली की वजनाची फिकीर कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे सर्वांत रंगतदार उदाहरण १९७१ सालचे. हान्स वेर्नर आउफ्रेख्त आणि एर्हार्ड मेल्खर यांच्या एएमजी या तेव्हाच्या लहानशा कंपनीने मर्सिडीज ३०० एसईएल ही मंत्री-उद्योगपतींची गाडी ६.८ लिटरच्या इंजिनासह स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. ४२८ अश्वशक्ती, लाल रंग, दारे ॲल्युमिनियमची, आणि तरीही वजन सोळाशे किलोंच्या वर. बुटक्या, हलक्या गाड्यांच्या घोळक्यात हे धूड पाहून लोक हसले असतील, पण ते एकंदरीत दुसरे आले आणि एएमजीचे नाव एका रात्रीत झाले. ताकदीच्या बाजूचा हा पुरावा नाकारता येत नाही. मात्र पहिली आली ती फोर्ड काप्री, म्हणजे किती तरी हलकी गाडी. सरळ रस्त्यावर अश्वशक्ती वजनाची भरपाई करते. ब्रेक लावताना आणि वळताना ती भरपाई टायर आणि ब्रेक करतात, आणि ते झिजतात.

बीएमडब्ल्यूचा पुढचा इतिहास माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त बळ देतो. नव्वदच्या दशकातल्या ५ सिरीजमध्ये या कंपनीने बॅटरी डिकीत नेली. त्यासाठी गाडीच्या लांबीभर जाड केबल ओढावी लागली, म्हणजे एकूण वजन वाढलेच, पण पुढच्या आसावरचा भार मागे गेला. वजन वाढवूनही हॅंडलिंग सुधारता येते, याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही. २००३च्या ५ सिरीजमध्ये तर इंजिनाभोवतीचा सगळा पुढचा सांगाडा ॲल्युमिनियमचा करून तो पोलादी केबिनला रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडला. पूर्ण गाडी ॲल्युमिनियमची करण्याऐवजी फक्त पुढचा तुकडा बदलण्यामागे हिशेब होता: पुढे आणि मागे निम्मे-निम्मे वजन. त्याच वर्षी एम३ सीएसएलला कार्बन फायबरचे छप्पर मिळाले. वाचले जेमतेम पाच-सहा किलो. एका मध्यम सुटकेसचे हे वजन, पण ते गाडीच्या सर्वांत उंच जागेवरचे. सीएसएल ही दोन दारांची कूपे होती. एम३च्या चार दारांच्या सेडानला असे छप्पर सरसकट मिळायला २०१४ उजाडले. २०२१च्या एम५ सीएसमध्ये एम५ कॉम्पिटिशनच्या तुलनेत सुमारे ७० किलो कमी झाले, आणि त्यातले २३ किलो एकट्या कार्बन-सिरॅमिक ब्रेकमुळे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा स्प्रिंगांच्या खालून. कार्बनचे बॉनेट पुढच्या टोकावरून काही किलो घेऊन गेले. ताकद फक्त १० अश्वशक्तीने वाढली होती. ती गाडी चालवणाऱ्या समीक्षकांनी जी स्तुती केली तिचे सगळे श्रेय वजनाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण शॉक ॲब्सॉर्बर आणि टायरही निराळे होते. पण अठराशे किलोंच्या गाडीत ७० किलो म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. एवढ्याशा घटीने इतका फरक पडतो, तो तिच्या जागेमुळे.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा जॅग्वारचा आहे. २००३ची एक्सजे पूर्ण ॲल्युमिनियमची होती. विमानांच्या धर्तीवर तीन हजारांहून अधिक रिव्हेट आणि चिकटद्रव्य वापरून कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात तिचा सांगाडा जोडला जाई. तो आधीच्यापेक्षा ४० टक्के हलका आणि ६० टक्के ताठ होता, आणि गाडी आकाराने मोठी होऊनही सुमारे दोनशे किलोंनी उतरली. तिचे हॅंडलिंग खरोखर सुधारले. मग सरसकट घट वाया जाते हे म्हणणे टिकते का? माझ्या मते टिकते, कारण जॅग्वारला पाया तयार मिळाला होता. मागच्या चाकांनी चालणारी गाडी आणि पुढे न लटकणारे इंजिन ही मांडणी १९६८पासूनची, त्यामुळे वाचलेला प्रत्येक किलो कामी आला. ऑडीच्या सांगाड्यातही तेवढेच कौशल्य होते. तिथे मांडणीने साथ दिली नाही. शिवाय एक्सजेची ताठर चौकट सस्पेन्शनला मऊ ठेवायची मुभा देत होती, आणि ताठरपणा हा वजनाचा नव्हे, रचनेचा गुण आहे. दुर्दैव एवढेच की कंपनीने या धाडसी सांगाड्यावर जुन्याच वळणाचे कपडे चढवले आणि गिऱ्हाइकाला आतली क्रांती दिसलीच नाही. टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार घेतल्यानंतर आलेल्या पुढच्या एक्सजेने रूप बदलले, सांगाडा ॲल्युमिनियमचाच ठेवला. तिची जुळणी काही काळ पुण्यातही झाली.

आता इलेक्ट्रॉनिक्सचा युक्तिवाद. १९८५च्या पहिल्या एम५चे वजन सुमारे १,४३० किलो आणि ताकद २८६ अश्वशक्ती. २०२४च्या हायब्रिड एम५चे वजन २,४३५ किलो आणि ताकद ७२७. हजार किलो वाढूनही नवी गाडी कुठल्याही रस्त्यावर जुनीला मागे टाकेल. मागची चाकेही वळतात, चारही चाकांवरची ताकद संगणक वाटतो, मग हलकेपणाचा हट्ट हा निव्वळ जुन्या आठवणींचा लळा नाही का? नाही. एक तर यातली मोठी मदत इलेक्ट्रॉनिक्सइतकीच जागेची आहे: बॅटरी जमिनीलगत बसते, गुरुत्वमध्य खाली ओढते. पोर्शच्या टायकानचेही तेच. तिचे ओझे मोठे, पण ते ड्रायव्हरच्या बुडाखाली पसरलेले. दुसरे असे की संगणक पकड वाटून देऊ शकतो, निर्माण करू शकत नाही. अडीच टन जोराने थांबवण्याची बरीचशी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्येच उतरते, आणि त्यासाठी लागणाऱ्या रुंद टायरांनी व थोराड डिस्कनी स्प्रिंगांच्या खालचे वजन पुन्हा वाढते. एकूण वजनाला काहीच किंमत नाही असे मी म्हणत नाही. ब्रेकपुरते बोलायचे तर तिथे जागा नव्हे, तराजूच ठरवतो.

उरला ऐषारामाचा आक्षेप. शांतता जड असते. जाड काच, आवाज शोषणारे थर, मोटरवर हलणाऱ्या खुर्च्या हे काढले तर आलिशान गाडी उरते काय? अल्फा रोमिओने ज्युलिया क्वाड्रिफोलिओला कार्बनचे छप्पर, बॉनेट आणि प्रॉपेलर शाफ्ट देऊन निम्मे-निम्मे वजन साधले, आणि गाडीत चार माणसे पूर्वीसारखीच आरामात बसत राहिली. २०२०च्या जीटीएएममध्ये मात्र तीच कंपनी आणखी शंभर किलोंच्या मागे लागली आणि मागची बैठकच काढून टाकली. पोर्शने २०२४ साली टायकान टर्बो जीटीच्या वायझाख पॅकेजमध्ये तेच केले. दोन्ही गाड्या रेसट्रॅकवर अफाट आहेत, पण चार दारे ठेवून मागे माणूस बसू न देणारी गाडी सेडान नव्हे. छप्पर, बॉनेट आणि ब्रेक यांतून किलो काढून झाल्यावर इंजिनिअरने तिथेच थांबायला हवे होते.