बंदुकीची नळी, मँचेस्टर आणि आपण

आपल्या समाजात पलटणीची एकही आठवण नसलेले घर विरळाच. कोणाचे पणजोबा सुभेदार, कोणाचे हवालदार, तर कोणाच्या घरी जुने पदक पेटीत जपून ठेवलेले. मुंबईत १७९६ साली आपली पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, हेही इंग्रजांच्या फौजेतलेच. म्हणून आज आम्ही बंदुकीविषयी लिहीत आहोत. लढाईविषयी मात्र नव्हे. प्रश्न साधा आहे : चांगली जपलेली बंदूक वेळेआधीच आतून का झिजते, आणि दोष कोणाचा?

पलटणीत नळी बिघडली की पहिला संशय शिपायावर येई. नीट पुसली नसेल, तेल दिले नसेल. कधी ते खरेही असे. पण जाणकार कारागीर आधी झीज कुठे आहे ते पाहतो. तोंडाजवळ एकाच बाजूला घासलेली असेल, तर साफ करण्याचा गज किंवा चिंधीची दोरी तिरकी ओढली गेली. आत सगळीकडे बारीक खड्डे असतील, तर तो गंज. टोपीतल्या मसाल्याचे क्षार मागे राहतात, ते हवेतली ओल ओढून घेतात. ते तेलाने जात नाहीत, पाण्याने जातात. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची रीत होती. पण काडतूस बसते त्या जागेच्या लगेच पुढे नळी झिजली असेल, तर शिपायाला बोल लावून उपयोग नाही. तिथे दारूच्या आगीने लोखंड खाल्लेले असते.

हे शास्त्र समजून घेताना मँचेस्टरला जावे लागते. तिथे सर जोसेफ विटवर्थ यांचा यंत्रांचा कारखाना होता. इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारे यंत्र त्यांनी केले होते. १८५४ साली सरकारने त्यांना रायफलच्या नळ्या करणारी यंत्रे बनवायला सांगितले. ते म्हणाले, चांगली नळी कशी असावी हे आधी कळले पाहिजे. मग फॅलोफील्ड भागातल्या त्यांच्या ‘द फर्स’ या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गल्ली बांधली. वाऱ्याचा अडथळा नको म्हणून ती झाकलेली. तिथे त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, कधी नळीचा व्यास, कधी आट्यांचा पीळ. १८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट दूर पडल्या, विटवर्थच्या साधारण साडेचार इंच. तरी लष्कराने ती रायफल घेतली नाही. ती महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत काळ्या दारूची काजळी लवकर साचे.

काजळीवर तोडगा काढला विल्यम मेटफर्ड यांनी. १८५७ च्या बंडात हे गृहस्थ रेल्वेचे इंजिनियर म्हणून बिहारमध्ये मुंगेरला होते. त्यांनी नळीतले आटे उथळ आणि गोलसर केले, म्हणजे काजळी अडकायला कोपराच नको. १८८८ साली ब्रिटिश लष्कराने ली-मेटफर्ड रायफल घेतली, ती याच नळीची.

आणि मग दारूच बदलली. काळ्या दारूऐवजी कॉर्डाईट आले. धूर नाही, काजळी नाही, जोर जास्त. पण पहिल्या कॉर्डाईटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के होते, आणि त्याची आग फार तापट. मेटफर्डचे उथळ आटे त्या आगीपुढे लवकर झिजून सपाट होऊ लागले. बंदूक वाईट नव्हती, दारूही वाईट नव्हती. दोघांची जोडी चुकली होती. एका रोगावरचे औषध रोग गेल्यावरही चालू ठेवले, तसे झाले. १८९५ साली खोल, चौकोनी कडांचे पाच आटे घेऊन ली-एनफील्ड आली. पुढे १९०१ साली कॉर्डाईटही बदलले आणि त्यातले नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले. मग नळ्या जास्त टिकू लागल्या.

इथून गोष्ट आपल्या ओळखीच्या माणसाकडे वळते. कॉर्डाईट करायला अ‍ॅसिटोन हा द्रव लागे. पहिल्या महायुद्धात त्याचा तुटवडा पडला. मँचेस्टर विद्यापीठात १९०४ पासून शिकवणारे डॉ. हाईम वाईझमन यांनी मक्यासारखे धान्य जंतूंकडून आंबवून अ‍ॅसिटोन काढण्याची रीत शोधली होती; ती सरकारने उचलली. १९१४ साली त्यांची ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्याशी ओळख झाली आणि स्कॉट यांनी त्यांना लॉईड जॉर्ज यांच्याकडे नेले. हे स्कॉट राहत होते कुठे? विटवर्थ यांच्याच ‘द फर्स’मध्ये! जिथे बंदुकीची नळी तपासली गेली, त्याच घरातून इस्रायलच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना आधार मिळाला. अ‍ॅसिटोनचे बक्षीस म्हणून १९१७ ची बाल्फोर घोषणा मिळाली, असे पुष्कळजण सांगतात. इतिहासकार ते मानत नाहीत. त्यामागे राजकारणाची अनेक कारणे होती. आपणही ती गोष्ट नातवंडांना सांगताना बेताने सांगावी.

आपल्या पणजोबांच्या पिढीचे बहुतेक आयुष्य काळ्या दारूच्या बंदुकांवर गेले. त्या रोज धुवाव्या लागत आणि आपली माणसे त्या धूत. पुढे जातवार कंपन्या झाल्या, तेव्हा संख्येने लहान असलेल्या आपल्या समाजाला पलटणीत जागा उरली नाही आणि पुष्कळजण कारकुनी, रेल्वे, दवाखाने यांकडे वळले. तेव्हाही आपल्याच मंडळींत काही कमी पडले असे म्हणणारे होते. आम्हाला तसे वाटत नाही. नळी असो की माणूस, झीज दिसली की आधी ती कुठे आहे ते पाहावे, आग कुठून आली ते शोधावे, आणि मगच दोष द्यावा.