भंडारा, १९५४ : एका मतदाराची दोन मते

१/ मे १९५४. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. येथील लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्यांच्याशी युती करून लढलेले प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता मात्र निवडून आले. मतदार तेच, युती तीच. मग निकाल दोन का?

२/ त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य असत : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. जातीने विभागलेल्या समाजात दुसरे मत कोणाला पडते, ही युतीची खरी कसोटी होती.

३/ पोटनिवडणुकीचे कारणही बोलके आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील १९५२ ची निवडणूक रद्द ठरवली. काँग्रेसचे विजयी उमेदवार चतुर्भुज जसानी हे सरकारला बिड्या पुरवणाऱ्या पेढीचे भागीदार होते. शिवाय महानुभाव पंथात गेलेल्या एका महार उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळला गेला होता.

४/ पंथ बदलला तरी तो महारच राहिला, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. कायद्यापुढे हा उमेदवारीचा प्रश्न होता. समाजापुढे मात्र त्याहून मोठा : माणसाने पंथ सोडला, तरी जात त्याला सोडते का?

५/ थोडे मागे जाऊ. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. पण त्याच शहरातील गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. वर्ग एक असला, तरी खाती वेगळी होती.

६/ १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आंबेडकर व अशोक मेहता एकत्र लढले. कम्युनिस्ट नेते डांगे विरोधात होते. काँग्रेसचे काजरोळकर सुमारे १४,५०० मतांनी जिंकले, तर सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. मते कुजवण्याचा प्रचार झाल्याचा आरोप करत आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला.

७/ दोन वर्षांनी भंडाऱ्यात तोच प्रश्न आंबेडकरांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकर्त्यांपुढे आला. एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, असा काहींचा आग्रह होता. संविधान घडवणाऱ्याने मत कुजवण्यास सांगणे आंबेडकरांना मान्य झाले नाही, असे समकालीनांच्या आठवणी सांगतात.

८/ निकाल लागला. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांना, राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना. पराभवाला एकच कारण देता येणार नाही. काँग्रेसमागे स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, गावोगाव पसरलेले संघटन होते. तरीही युतीचा एक उमेदवार तरला आणि दुसरा बुडाला, ही गोष्ट उरतेच.

९/ हा पेच केवळ भंडाऱ्याचा नाही. श्रीलंकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या लंका सम समाज पक्षाने १९५६ च्या ‘फक्त सिंहली’ कायद्याला विरोध करून तमिळला समान दर्जा मागितला. १९६४ मध्ये तोच पक्ष सिरिमावो भंडारनायके यांच्या सरकारात गेला आणि पुढे त्याने ती मागणी सोडली. बहुसंख्याकांच्या राष्ट्रवादापुढे वर्गएकजुटीचा कस असाच लागतो.

१०/ आंबेडकर राज्यसभेत होते. लोकसभेत मात्र ते कधीच गेले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शेजारच्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. आज मतदाराच्या हाती एकच मत आहे. स्वतःच्या जातीबाहेरच्या माणसावर ते विश्वासाने टाकता येते का, हा १९५४ चा प्रश्न मात्र अजून निकाली निघालेला नाही.