जुन्या चित्राची साक्ष

१८१६ साली लेनेक यांनी कागदाची नळी करून छातीतला आवाज ऐकला. १८९५ साली राँटगेन यांच्या क्ष-किरणांमुळे आतली सावलीही दिसू लागली. परंतु वृद्धाच्या फुप्फुसांत अनेक गाठी दिसल्या, तर ते क्षयाचे जुने व्रण की कर्करोग, हे आपल्याला एका चित्रावरून ठरविता येत नाही. १९५६ साली कॉलिन्स व सहकाऱ्यांनी गाठ दुप्पट होण्याचा काळ मोजण्याची रीत मांडली. व्यास सुमारे चतुर्थांशाने वाढला, की आकारमान दुप्पट होते. नुसत्या डोळ्यांना ही वाढ चकविते. १९७१ साली प्रथम मस्तकासाठी वापरलेला सीटी स्कॅन पुढे छातीपर्यंत आला आणि मापन सूक्ष्म झाले. तरीही सावकाश वाढते ती गाठ निरुपद्रवी, असे आपण मानू नये. शंका उरल्यास निवाडा गाठीचा तुकडा तपासूनच होतो. यास्तव घरातले जुने चित्र आपण रद्दीत टाकू नये. काळाची साक्ष तेच देते.