शुजी नाकामुरा: ज्यांच्या निळ्या एलईडीमुळे घरोघरी पांढरा उजेड आला

तुमच्या घरातला पांढरा एलईडी बल्ब आतून बहुतेक वेळा निळा असतो. त्यातली चिप निळा प्रकाश सोडते, तिच्यावरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही प्रकाश पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. म्हणजे निळा एलईडी नसता, तर हा बल्बही नसता.

निळा रंग इतका अवघड का होता?

लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पाठोपाठ हिरवाही आला. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड उपयोगी पडेल, हे माहीत होतं. पण त्याचे निर्दोष स्फटिक बनत नव्हते. त्यामुळे बहुतेक संशोधक झिंक सेलेनाइडकडे वळले होते.

कोण आहेत नाकामुरा?

जन्म १९५४, जपानमधल्या एहिमे प्रांतातला. तोकुशिमा विद्यापीठातून मास्टर्स करून १९७९ मध्ये ते निचिया या कंपनीत लागले. ही कंपनी तेव्हा फॉस्फर बनवायची. १९८८ मध्ये संस्थापक नोबुओ ओगावा यांनी निळ्या एलईडीच्या संशोधनाला पैसा दिला. नाकामुरा वर्षभर फ्लोरिडा विद्यापीठात जाऊन तंत्र शिकून आले आणि त्यांनी गॅलियम नायट्राइडच निवडलं.

त्यांनी नेमकं काय केलं?

स्फटिक वाढवणाऱ्या यंत्रात त्यांनी स्वतःच बदल केले. एक वायू आडवा, तर दुसरा वरून सोडला. त्यामुळे थर नीट बसू लागला. पुढची अडचण होती पी-टाइप थराची. नागोया विद्यापीठाच्या इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी तो १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताने बनवून दाखवला होता. नाकामुरांनी दाखवलं, की नुसतं तापवलं तरी काम होतं, कारण खरा अडथळा थरात अडकलेल्या हायड्रोजनचा आहे. कारखान्यासाठी ही पद्धत सोपी होती. १९९३ मध्ये निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला.

मग वाद कशावरून झाला?

पेटंटसाठी कंपनीकडून नाकामुरांना मिळाले अवघे २० हजार येन. १९९९ च्या शेवटी त्यांनी निचिया सोडली आणि ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसमध्ये प्राध्यापक झाले. २००१ मध्ये त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. २००४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांना २ हजार कोटी येन देण्याचा आदेश दिला. कंपनीने अपील केलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. नोकरीत असताना लावलेल्या शोधावर कर्मचाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न या खटल्यामुळे जपानभर चर्चेत आला.

२०१४ मध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पुढच्याच वर्षी भारतात ‘उजाला’ योजना सुरू झाली. तिच्यातून आतापर्यंत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आहेत.